बेळगावचे लक्ष्मणराव: सायकलच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीपर्यंत



बेळगावहून पुण्याला रेल्वेने जाताना मिरज, सांगली आणि भिलवडी ही स्थानके मागे पडली की किर्लोस्करवाडी येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ही पाटी खिडकीतून कितीतरी वेळा वाचली असेल. बेळगाव शहरातला किर्लोस्कर रोड तर आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा. तरीही या दोन पाट्यांमधला संबंध घरातल्या मुलांना विचारला तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. खरे सांगायचे तर काही मोठ्यांकडूनही येत नाही. म्हणून या वेळी आम्ही कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत. त्यांचा कारखाना पुढे दुसरीकडे नावारूपाला आला, पण त्याचा जन्म आपल्या गावात झाला.

गुर्लहोसूरचे घर

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूर या गावी झाला. गावाची भाषा कन्नड आणि घरची भाषा मराठी. हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. आपल्या सीमाभागातली कित्येक घरे आजही अशीच आहेत. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. एका छोट्या गावाने महाराष्ट्राला नाटकवालाही दिला आणि नांगरवालाही दिला, याचा आम्हाला नेहमी अभिमान वाटतो.

वडील काशिनाथपंत विद्याव्यासंगी आणि वेदान्ताकडे ओढा असलेले गृहस्थ होते. मुलाने नेटाने शिकावे ही त्यांची अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकात रमत नव्हते. त्यांना चित्रे काढायला आणि हाताने काहीतरी बनवायला आवडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्याचा त्यांचा हट्ट वडिलांना पसंत नव्हता. त्या वेळी थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी शिक्षणाचा खर्च उचलला. पुढे आयुष्यभर हे दोघे भाऊ एकमेकांना धरून राहिले. त्यांच्या दुकानाला आणि कारखान्याला ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव पडले ते यामुळेच.

रंग चुकले, रेषा राहिली

मुंबईत दोन वर्षे काढल्यावर लक्ष्मणरावांच्या लक्षात आले की आपल्याला काही रंग ओळखताच येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार होण्यासाठी वडिलांचा विरोध पत्करून आलेल्या तरुणाला हे कळले तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गावी परतले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यासाठी रंगांची गरज नसते. माप अचूक लागते, हात स्थिर लागतो आणि एखादा भाग वरून, समोरून व बाजूने कसा दिसेल हे मनात उभे करता यावे लागते. हे सगळे त्यांच्याजवळ होते. यंत्ररेखाटनात ते तयार झाले आणि मुंबईत नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही. जे. टी. आय.मध्ये, त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्थेतली यंत्रे पाहण्याची आणि हाताळण्याची संधीही त्यांना तिथेच मिळाली. कागदावरची रेषा लोखंडात कशी उतरते हे ते तिथे शिकले. रीतसर इंजिनिअरची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

मुंबईत त्यांनी एका पारशी गृहस्थाला सायकल चालवताना पाहिले आणि त्यांच्या मनात धंद्याची कल्पना आली. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असे ठरले. त्या काळी सायकलची किंमत शेकड्यांत, कधी कधी हजाराच्या घरात असे. गिऱ्हाईक म्हणजे अधिकारी आणि सधन मंडळी. सायकल विकली की ती चालवायलाही शिकवावी लागे आणि त्या शिकवणीचे वेगळे पैसे घेतले जात. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती बेळगावच्या या दुकानापासून.

मुंबईच्या नोकरीत काही वर्षांनी बढतीची वेळ आली. ती जागा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. आपल्या गावाच्या दृष्टीने ही मोठी भाग्याची गोष्ट ठरली.

ठळकवाडीतला नांगर

सायकलींच्या दुकानावर लक्ष्मणराव समाधानी राहणारे नव्हते. दुसऱ्याने केलेली वस्तू विकणे आणि दुरुस्त करणे त्यांना पुरेसे वाटेना. ठळकवाडीत त्यांनी छोटा कारखाना काढला आणि आजूबाजूला पाहिले. बाजूला शेती होती, बैल होते आणि कडबा होता. म्हणून पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे, ज्याला आज आपण कडबाकुट्टी म्हणतो. बारीक कापलेला कडबा जनावरे वाया घालवत नाहीत, त्यामुळे वैरण पुरते. शेतकऱ्याला हा फायदा डोळ्यांनी दिसत होता.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आला लोखंडी नांगर, आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली.

आपल्याकडचा पूर्वापार नांगर लाकडाचा. तो जमीन चिरत जातो, पण माती उलथवत नाही. निपाणी, चिकोडी, कागल या बाजूच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. ती उपटायची तर नांगर खोल जावा लागतो आणि ढेकूळ पलटावे लागते. हे काम लोखंडी नांगराचे. इंग्लंड-अमेरिकेहून असे नांगर येत होते, पण ते महाग होते आणि मोडले तर सुटा भाग मिळणे कठीण होते. लक्ष्मणरावांनी ठरवले की हा नांगर इथेच करायचा.

तो करणे एक वेळ सोपे होते, विकणे महाकठीण. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. तयार नांगर पडून राहिले. ते विकले जायला दोन वर्षे लागली. कर्जाऊ पैसा अडकलेला, कामगारांचा पगार द्यायचा आणि कारखान्याच्या दारात गंजणारे नांगर! ज्यांनी स्वतःचा छोटा व्यवसाय चालवला आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

शिवाय फाळाचा प्रश्न होता. नांगराचा फाळ वरून कठीण हवा, नाहीतर मातीत घासून लवकर झिजतो. तो पूर्ण कठीण केला तर ठिसूळ होतो आणि दगडावर आदळून तुटतो. ओतकामात यावर एक उपाय आहे. वितळलेले लोखंड साच्यात ओतताना ज्या बाजूला कठीणपणा हवा, तिथे धातूचा तुकडा बसवतात. त्या बाजूचे लोखंड झटकन थंड होऊन कठीण बनते. उरलेला भाग सावकाश निवतो आणि चिवट राहतो. वाचायला हे चार ओळींचे काम आहे. प्रत्यक्षात लोखंडाची प्रत, भट्टीची आच आणि ओतण्याची वेळ यांचा मेळ बसेपर्यंत माल पुन्हा पुन्हा वाया जातो. लक्ष्मणराव हे काम कोणत्याही तज्ज्ञाशिवाय, चुकत चुकत शिकले. शेतकऱ्याची तक्रार आली की ती ऐकायची आणि पुढच्या नांगरात दुरुस्ती करायची, हा त्यांचा शिरस्ता होता. हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला आणि मागणी वाढू लागली.

बेळगाव सुटले

कारखान्याचा जम बसत असतानाच नवे संकट आले. शहर वाढत होते. नगरपालिकेला ठळकवाडीत नवी वस्ती वसवायची होती आणि त्यासाठी किर्लोस्करांची जागा हवी होती. कारखाना हलवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. यंत्रे, भट्टी, कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना घेऊन जायचे कुठे?

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधच्या देवीच्या मंदिरातील सभामंडपाचे काम होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि कलांचे चाहते. माणसाची पारख त्यांना होती. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज, असे हे साहाय्य होते. १९१० मध्ये किर्लोस्कर मंडळी बेळगाव सोडून तिकडे गेली.

हा भाग लिहिताना आम्ही काही वेळ थांबलो. ठळकवाडीचा हा परिसर आज आपण टिळकवाडी म्हणून ओळखतो. जुने नाव ठळकवाडी हायस्कूलच्या पाटीवर अजून टिकून आहे. आपल्या अनेक सभासदांची घरे याच भागात आहेत. काहींच्या आजोबा-पणजोबांनी इथे प्लॉट घेतले, बंगले बांधले आणि आंबा-फणसाची झाडे लावली. कारखाना हलला म्हणून वस्ती झाली आणि वस्ती झाली म्हणून आपली घरे झाली. यात कोणाला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. वाढत्या शहराला घरेही लागतातच. पण आपल्या अंगणाखालच्या जमिनीचा हा इतिहास घरातल्या मुलांना माहीत असायला हवा, एवढे मात्र आम्हाला मनापासून वाटते.

निवडुंगातली वाडी

कुंडल रोडची जागा म्हणजे उजाड माळ. सगळीकडे निवडुंग माजलेला, त्यात सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. मंडळी सुरुवातीला तात्पुरत्या झोपड्यांत राहिली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर बायकामाणसांनी त्या माळावर संसार मांडले. कारखाना उभा राहिला याचे श्रेय देताना त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसे पाहिली की नवल वाटते. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. शंभोराव जांभेकर म्हणजे कोणतेही यंत्रकाम अंगावर घेणारे हरहुन्नरी गृहस्थ. हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, पण यंत्रांच्या बाबतीत त्यांची कल्पनाशक्ती मोठी. के. के. कुलकर्णीही परीक्षेत मागे पडलेले, पण कामात पुढे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे शिक्षा भोगून आलेले होते. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वसाहतीची राखण सोपवली आणि त्यांनी तो विश्वास राखला. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम होता. १९१० च्या सुमारास असा नियम करणे आणि तो चालवणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

प्रमाणपत्राकडे न पाहता माणूस काय करू शकतो हे पाहायचे, ही लक्ष्मणरावांची रीत होती. ज्याला स्वतःला रंग दिसत नव्हते आणि जो पदवीशिवाय यंत्रे बनवत होता, त्याला दुसऱ्यातले उणे लवकर दिसत नसावे, असे आम्हाला वाटते.

महायुद्ध, तोफा आणि मासिक

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आवक आटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. मात्र लोखंडही मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर ओतले गेले. शाहू महाराजांच्या कोल्हापूरने दिलेल्या तोफांनी शेते नांगरली गेली, ही हकिगत आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेत सांगण्यासारखी आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादने वाढत गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतले नामवंत मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच्या जोडीला आली. आपल्या आज्यांच्या फडताळात या अंकांचे गठ्ठे असत, हे अनेकांना आठवत असेल. नांगर आणि मासिक एकाच वाडीतून घरोघर जात होते.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम. आय. टी.मधून इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतले. त्यांनी पुढच्या काळात व्यवसायाचा मोठा विस्तार केला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ मशीन बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिने आणि बंगळुरात विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. ब्रिटिश मुलखातले बेळगाव, औंध संस्थानातली वाडी, म्हैसूर संस्थानातले हरिहर! जिथे जागा आणि पाठबळ मिळाले, तिथे हे घराणे कामाला लागले.

सगळे दिवस चांगलेच आले असे नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. आयुष्यभर उभे केलेले काम जळताना पाहण्याची वेळ लक्ष्मणरावांवर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आली. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि काम पुढे चालू झाले.

अखेर आणि आज

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना झाली. गुर्लहोसूर आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. ज्या रेल्वेमार्गाने त्यांचा कारखाना गेला, त्या मार्गावर आता दोन राज्ये झाली. त्या दिवसापासून आपल्या भागाने काय काय सोसले हे सभासदांना सांगायला नको. लक्ष्मणराव मात्र त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे राहिले. जन्माने ते इथले, कर्माने तिथले, आणि हरिहर-बंगळुरातले कामगारही त्यांना आपलेच मानत. २० जून १९६९ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज देशात सेमीकंडक्टर चिपचे कारखाने उभारण्याची चर्चा आहे. केंद्र सरकारने त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नखाएवढी चिप आणि बैलांनी ओढायचा नांगर यांत फार अंतर आहे. पण दोन्हींना सुरुवातीला सारख्याच गोष्टी लागतात: हक्काची जागा, घाई न करणारे भांडवल आणि पहिला माल वाया गेला तरी धीर धरणारी माणसे. १९१० मध्ये हे सारे ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांत जमले, कारण देणाऱ्याने माणूस पाहून दिले होते.

लक्ष्मणराव गेले तरी बेळगावचे ओतकाम थांबले नाही. उद्यमबागेत फिरले की भट्ट्या, लेथ आणि घडाईची कामे दिसतात. आपल्या सभासदांपैकी कित्येकजण तिथे कारखाने चालवतात किंवा काम करतात. त्यांची मुले शिकून पुण्याला आणि बंगळुराला जातात आणि बहुतेक तिकडेच राहतात. त्यांना अडवावे असे आम्ही म्हणणार नाही. लक्ष्मणरावही गेलेच होते. पण एखाद्या मुलाला किंवा मुलीला इथेच काही उभे करायचे असेल, तर त्यांच्यासाठी रामूअण्णा कोण होणार आणि बाळासाहेब कोण होणार, याचा विचार आपण मोठ्यांनी करायला हवा. पहिले नांगर दोन वर्षे दारात पडून राहिले तेव्हा भावाने पाठ फिरवली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या गावाकडच्या घरी किंवा गोठ्यात जुना किर्लोस्कर नांगर, चरक किंवा कडबा कापण्याचे यंत्र असेल, तर त्याचा फोटो आणि थोडी माहिती मंडळाकडे जरूर पाठवावी. जुन्या ठळकवाडीबद्दल घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणीही लिहून कळवाव्यात. आणि पुढच्या वेळी पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी आली की शेजारी बसलेल्या नातवंडांना सांगावे, की हा कारखाना आपल्या घराजवळून इथे आला.

आपले स्नेहांकित,
मंडळाचे कार्यकर्ते